धम्मानंदच्या नावाचा चाकू

ऐक ना वं, फक्त ऐक. मधात बोलू नको. अन् आधी त्या दाराची कडी लाव, हे सांगताना मलेच भेव वाटते.

इतवारीत भांड्यांच्या गल्लीत एका स्टीलच्या दुकानावर जिना जाते. वर पाटी आहे, ‘यमुताई, खासगी चौकशी’. यमुताई म्हणजे पन्नाशीची बाई. सुती साडी, पायात पोट्ट्यांसारखे स्पोर्ट्स शूज अन् पर्समध्ये कायम फुटाणे. तिचं रोजचं काम लग्नाआधीच्या चौकशीचं. पोट्टा दारू पिते का, नोकरी खरी आहे का, असलं. तिच्यासंगं तिच्या बहिणीचा पोरगा, दुर्गेश. गाडी चालवणं अन् घाबरणं ही दोन कामं तो मन लावून करते. मावशी त्याले गुड्डू म्हणते, म्हणून अख्खी गल्ली त्याले गुड्डूच म्हणते.

तं दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सकाळी एक बाई जिना चढून आली. कडेवर लेकरू. आल्या आल्या तिनं मागं वळून जिना पाहिला, कोणी आलं तं नाही ना म्हणून. दुर्गेशनं बी वाकून जिना पाहून घेतला.

“ताई, मी सरिता. माझ्या नवऱ्याले पोलिसांनी नेलं. त्यानं नाही केलं हो.”

“बस आधी. पाणी पी. काय नाही केलं?”

मंग तिनं सांगतलं. तिचा नवरा धम्मानंद वाडीले मनोहररावच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये सुपरवायझर. मनोहरराव दरवर्षी दसऱ्याले ऑफिसातल्या लोकांले अन् गिऱ्हाईक पार्ट्यांले गिफ्ट देते. या वर्षी घडीचे चाकू दिले. चाकू, पेचकस, ओपनर, सगळं एकातच. स्टीलची मूठ, एका बाजूनं कंपनीचं नाव अन् दुसऱ्या बाजूनं ज्याले दिला त्याचं नाव, लेझरनं कोरलेलं.

“काल दुपारी हे गोडाऊनवर गेले तं मालक मागच्या कोपऱ्यात पडून होते. पोटातून रक्त. यांनी उचललं, बोंब मारली. लोक धावत आले तं यांचा शर्ट लाल, अन् बाजूले चाकू पडलेला. चाकूवर नाव यांचं.”

“मालक गेला?”

“नाही. दवाखान्यात आहे, मशीनवर. शुद्ध नाही.” सरितानं लेकराले घट्ट धरलं. “पण ताई, यांनी तो चाकू डोळ्यानं पाहिला नव्हता. अष्टमीच्या संध्याकाळी वाटले, तेव्हा हे निघून गेले होते. नवमीपासून आम्ही सगळेच दीक्षाभूमीवर, पाण्याच्या स्टॉलवर. बाहेरगावचे लोक येते ना. आम्हाले कुठं घर अन् कुठं ऑफिस!”

“मालकाशी भांडण?”

तिनं लेकराले दुसऱ्या कडेवर घेतलं. मंग म्हणाली, “झालं होतं. अष्टमीलेच. मागच्या कोपऱ्यात ढोरांच्या ढेपीच्या पोत्यांतून गुटख्याचा वास येते, असं हे मालकाले म्हणाले. मालक भडकले. माझ्या गोडाऊनमध्ये बंदीचा गुटखा? सणानंतर स्वतः पोते उघडून पाहतो, नाही निघाला तं तुले पाहतो! पूर्ण गोडाऊननं ऐकलं. पोलिस म्हणते, त्याच रागातून केलं. मालक गेला तं खुनाचा गुन्हा. अन् ज्यानं खरं केलं तो तं मोकळाच आहे ना ताई? मले घरी दाराशी कोणी उभं आहे असंच वाटते.”

तिच्या मोबाइलवर फोटो होता. कोण्या हमालानं काढला अन् ग्रुपवर टाकला, आजकाल तसंच आहे. दुर्गेशनं एका डोळ्यानं पाहिलं. उघडं पातं, त्यावर सुकून काळपट झालेलं रक्त. अन् मुठीवर ‘धम्मानंद’, एकेक अक्षर लालभडक.

“बापरे. रक्त पार अक्षरात घुसलं,” दुर्गेश म्हणाला.

यमुताईनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तिचं फुटाणे चावणं थांबलं.

“गुड्डू, हा फोटो माझ्या मोबाइलवर घे. अन् गाडी काढ.”

वाडीले पोचेपर्यंत दुर्गेश मनातल्या मनात हनुमानाचं नाव घेत होता. तुले माहीत आहे ना अमरावती रोड, ट्रकमागं ट्रक, धूळ, अन् गोडाऊनचे ते लंबे लंबे पत्र्याचे शेड. दिवसाढवळ्या आत अंधार. मागच्या कोपऱ्यात जाळी होती अन् जाळीले कुलूप. जाळीसमोर जमिनीवर पोलिसांचा खडू अन् एक काळा डाग. जाळीच्या आत जागा साफ रिकामी. एक पोतं नाही.

“मावशी, इथं थांबाचं काय काम आहे? झालं ना पाहून.”

“वास घे.”

“मी नाक बंद केलं आहे.”

ऑफिसात रितिका बसली होती. कुहीची पोट्टी, वाडीत खोली करून राहते, हिशेबाचं काम पाहते. डोळे रडून सुजलेले.

“हा माझा भाचा, गुड्डू,” यमुताईनं सांगतलं. “तू घाबरू नको. अष्टमीले काय काय झालं ते सांग.”

“संध्याकाळी ओमप्रकाशभाऊ चाकू घेऊन आले मॅडम. पार्ट्यांचे मी कपाटात कुलूप लावून ठेवले. ऑफिसवाल्यांचे तीनच. मालकांनी स्वतःसाठी नाही घेतला. एक मोहितदादाचा, एक माझा, एक धम्मानंददादाचा. ते निघून गेले होते, म्हणून त्यांचा बॉक्स मी त्यांच्या टेबलावर ठेवला अन् कुहीच्या बसले पळाली. मोहितदादा अन् ओमप्रकाशभाऊ इथंच चहा पिऊन राहिले होते. कुलूप मोहितदादानं लावलं.”

“नवमीले पूजा केली का ऑफिसात?”

“नाही. मालकांनी गेटवर गाड्यांची केली अन् गेले. ऑफिस उघडलं ते काल सकाळी, मीच उघडलं. तेव्हा धम्मानंददादाचा बॉक्स टेबलावर नव्हता. मले वाटलं, नेला असन कसा तरी.”

“अन् तुझा?”

रितिकानं ड्रॉवर उघडला. बॉक्सवरचं प्लॅस्टिक बी फाटलं नव्हतं. आत चाकू, त्यावर तिचं नाव, चांदीसारखं पांढरं. “आमच्या घरी चाकू हातोहात घेत नाही मॅडम. मालकांनी टेबलावर ठेवला तेव्हा मी उचलला. तसाच ठेवून गेली. मले चाकूचं भेवच वाटते.”

“मले बी,” दुर्गेश एकदम म्हणाला. पोट्टी त्या परिस्थितीत बी थोडी हसली.

“त्या जाळीच्या कुलपाची चावी कोणाजवळ?”

“मोहितदादाजवळ.”

तेवढ्यात मोहितच आला. मनोहररावचा सख्खा भाचा. गोरा, उंच, बोलण्यात साखर. दवाखान्यातून थेट आला होता. यमुताई कोण हे कळल्यावर बी त्याचा चेहरा नाही पडला.

“बसा ना मावशी. गुड्डूभाऊ, तुम्ही बी बसा, चहा सांगतो. काय विचाराचं ते विचारा. मामाले लेकरूबाळ नाही, मलेच पोरगा मानते. फक्त मामा उठू दे, मले काही नको.”

बोलता बोलता तो बोटात चाव्यांचा जुडगा फिरवत होता. जुडग्याले तसाच चाकू लटकलेला.

“तुमचा हाच का?”

“हाव. सगळ्यांले एकएक दिला, मले बी एकच. पाहा.”

मुठीवर ‘मोहित’. अक्षरं लाल रंगात मस्त उठून दिसत होती. दुर्गेश मनात म्हणाला, पाहा, मोठ्या लोकांचं नाव रंगवून देते अन् गरीब रितिकाचं कोरं.

“धम्मानंदचा बॉक्स पाहिला होता का तुम्ही?”

“मी तं पाहिलाच नाही. टेबलावर होता म्हणते ना रितिका? त्यानंच नेला असन.” मोहितनं जुडगा मुठीत बंद केला. “वाईट वाटते मावशी. घरच्यासारखा होता.”

“त्या जाळीत काय होतं?”

“ढेप. काल सकाळीच माल गेला.”

बाहेर येऊन दुर्गेशनं रंगाची गोष्ट मावशीले सांगतली, जरा हुशारीनंच. मावशीनं त्याच्याकडं असं पाहिलं जसं पहिल्यांदाच पाहून राहिली.

“गुड्डू, आयुष्यात तू एकदा कामाचं बोलला. चल ओमप्रकाशकडं.”

ओमप्रकाशचं दुकान इतवारीतच. पेन, डायऱ्या, चाव्यांचे जुडगे, घड्याळं, सगळ्यावर कंपन्यांची नावं. यमुताईले पाहताच तो हात जोडून उभा झाला.

“ताई, मेरी तो वाट लग गई! दिवाळीच्या ऑर्डरी कॅन्सल होऊन राहिल्या. लोक म्हणते, भाऊ, तुझ्या गिफ्टनं माणूस कापला जाते. आता कोण घेईन चाकू? अन् मनोहररावनं बी त्या दिवशी मलेच झापलं. पातं किती धारदार आहे म्हणे, कोणाचा तरी जीव घेशीन.”

“अन् घेतलाच असता तुझ्या चाकूनं,” यमुताई म्हणाली.

ओमप्रकाशच्या कपाळावर घाम आला. “ऐसा मत बोलो ताई. मी चहा पिऊन निघून गेलो. मोहितभाऊ मागून कुलूप लावून येतो म्हणाले.”

“सॅम्पल दाखव.”

त्यानं तसाच चाकू काढला. अक्षरं कोरी, पांढरी.

“नावात रंग भरून देता का? लाल-पिवळा?” दुर्गेशनं विचारलं.

“नाही रे बाबा. लेझर म्हणजे लेझर. मशीननं स्टील जाळलं की झालं. रंग-बिंग भरत नाही आम्ही, मालकाचा असो का नोकराचा.”

“दुकानाची पूजा नवमीलेच करते का तू?” यमुताईनं सहज विचारलं.

“आमची पूजा दिवाळीले ताई. कात्रीपासून मशीनपर्यंत सगळं त्याच दिवशी. नवमीले आम्ही गावाले होतो, सगळं खानदान.”

 यमुताईनं फुटाणे काढले, अर्धे ओमप्रकाशच्या हातावर ठेवले अन् ती दुकानाची पायरी उतरली.

दुपारी ती म्हणाली, मोहितच्या आईले भेटून येऊ. वाडीतच गोडाऊनच्या मागं त्यांचं घर. आई रंभाबाई, म्हणजे मनोहररावची सख्खी बहीण. भाऊ मशीनवर, तरी आलेल्या माणसाले पाणी विचारल्याशिवाय राहणार नाही अशी बाई. मोहित दवाखान्यात होता.

“भाऊ माझ्याच हातचं जेवते हो,” रंभाबाई डोळे पुसत म्हणाली. “वहिनी गेल्यापासून रोज डबा जाते. आज बी मी डबा भरला, मंग आठवलं.”

यमुताई तिच्याजवळ सरकून बसली. दुर्गेशले असं रडणं सहन होत नाही, म्हणून तो उठून मागच्या अंगणात गेला. तिथं भिंतीले एक लाकडी पाट टेकवून ठेवला होता. त्यावर हळदी-कुंकवाचं पाणी सांडून वाळलेलं, पिवळं-लाल, अन् त्याच्या मधात कोऱ्या जागा. एक विळीची वाकडी जागा, एक कैचीची, एक सांडशीची, अन् कोपऱ्यात दोन छोट्या लंबुळक्या, बाजूबाजूले, अगदी सारख्या, जशी दोन बोटं. दुर्गेशले वाटलं, किती छान छाप उठले, रांगोळीत कोणी असं काढलं तं बक्षीस भेटन.

“खंडे नवमीचा पाट आहे बाबू,” रंभाबाई मागून म्हणाली. तो दचकलाच. “घरातलं सगळं लोखंड पुजते मी. धुवाचा राहिला, ध्यानच नाही. तुझं नाव काय?”

“गुड्डू.”

“गुड्डू काय नाव असते? शाळेतलं सांग.”

“दुर्गेश.”

“हां. चांगलं नाव आहे. लपवते काहून?” निघताना तिनं यमुताईले हळदी-कुंकू लावलं. यमुताईनं तिचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

गाडीवर बसता बसता दुर्गेशनं पाटावरचे छाप सांगतले, बक्षिसाचं बी सांगतलं. मावशी एवढंच म्हणाली, “नीट ध्यानात ठेव काय पाहिलं ते.”

आता खरी गोष्ट ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेश गाडी काढाले गेला. गाडीच्या पायदानावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी. त्याले वाटलं, कोणाचा भाजीपाला राहिला. उघडलं तं चाकू. इतवारीत कुठंही भेटते तसा साधा घडीचा चाकू, पण पातं उघडं. अन् मुठीवर टिंबाटिंबानं, जसं आपण भांड्यावर नाव टाकून आणतो ना, तसं एक नाव.

दुर्गेश.

त्याच्या हातून चाकू खाली पडला. त्याले वाटलं गल्ली फिरून राहिली. समोरचा भांडेवाला टोपल्या लावत होता, टेम्पोवाला शिव्या देत होता, सगळं रोजच्यासारखं, अन् त्यातल्या एकाही माणसाकडं पाहाची त्याची हिंमत होईना. तो दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाला.

“मावशी! मी मरतो! मले गावाले पाठव! नाही तं पोलिसात दे!”

यमुताईनं त्याले खुर्चीत बसवलं, त्याचा हात धरला अन् खाली जाऊन रुमालानं चाकू उचलून आणला. तिचा बी चेहरा उतरला होता, पण आवाज शांत.

“रडू नको. काय लिहिलं ते वाच.”

“दुर्गेश! माझं नाव! अजून काय वाचू?”

“तेच. तुझं नाव.” ती खिडकीतून खाली पाहत राहिली. “एवढं भेव दाखवाची गरज कोणाले पडली? अन् घाईत केवढी मोठी चूक केली त्यानं.”

तेवढ्यात फोन वाजला. सरिता होती. दवाखान्यातून कळलं होतं, मनोहरराव हात हलवून राहिले, डॉक्टर मशीन काढून पाहणार.

“दाराशी कोण आहे?” यमुताईनं विचारलं.

“मोहितभाऊ, ताई. ते तं दारापासून हलतच नाही. भेटाच्या वेळेले तेच आत जाते.”

यमुताई एकदम उठली. तिनं पहिला फोन सोनिका मॅडमले लावला. सोनिका म्हणजे त्या केसची पीएसआय, तिच्या लग्नाच्या वेळी पोराची चौकशी यमुताईनंच केली होती. दुसरा फोन रंभाबाईले, तिसरा रितिकाले अन् चौथा ओमप्रकाशले. मंग दुर्गेशकडं वळली.

“तू माझ्याआधी जा. आयसीयूच्या दाराशी बस. मी येईपर्यंत मोहित एकटा आत गेला नाही पाहिजे.”

“मी?”

“तूच.”

“मावशी, माझे पाय कापून राहिले.”

“बसल्या बसल्या कापू दे. पण दारात बस.”

तं हा बसला. आयसीयूबाहेरची ती थंडगार जागा, फिनाइलचा वास, आत मशीनची टूक टूक. मोहित हातात अंगाऱ्याची पुडी घेऊन उभा होता. यानं खुर्ची ओढून बरोबर दारातच लावली. नर्सनं भेटाची वेळ झाल्याचं सांगतलं. मोहित पुढं आला. दुर्गेश नाही उठला. मोहितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हळूच, अन् कानाशी वाकला.

“काय दुर्गेशभाऊ. सरका ना. घाबरले काय?”

तुले सांगते, आपलं खरं नाव ऐकून त्याचं भेव दुप्पट झालं.  पण त्यानं दोन्ही हातांनी खुर्ची अशी पकडली की मोहितनं ओढली असती तं खुर्चीसंगं हा गेला असता. अन् तेवढ्यात लिफ्ट उघडली.

यमुताई, सोनिका मॅडम अन् एक हवालदार. मागं रितिका, ओमप्रकाश, लेकराले घेऊन सरिता. शेवटी रंभाबाई, हातात भावाचा डबा.

“मोहित, नंतर जा आत,” यमुताई म्हणाली. “आधी माझं ऐक. मॅडम, तो चाकू आणला का?”

सोनिका मॅडमनं प्लॅस्टिकच्या पिशवीतला चाकू दाखवला.

“पातं पाहा. रक्त सुकलं की असं काळपट होते. मंग मुठीवरची अक्षरं अजून लालभडक कशी? कडा बघा, पिवळ्या आहे. हे रक्त नाही, हळदी-कुंकू आहे. वरून पुसलं, पण कोरलेल्या अक्षरात बसून राहिलं. ओमप्रकाश, तुम्ही रंग भरता?”

“नाही ताई! कधीच नाही!”

“म्हणजे हा चाकू कोणत्या तरी घरी खंडे नवमीच्या पूजेत होता. धम्मानंदच्या?”

सरिता पुढं आली. “आमच्या घरी खंडे नवमी नाही होत मॅडम. आम्ही बौद्ध आहो. आमचा दसरा दीक्षाभूमीवर.”

“ज्यानं धम्मानंदचं नाव जमिनीवर टाकलं, त्याच्या ध्यानात हेच नाही आलं,” यमुताई म्हणाली. “ऑफिसात नवमीले पूजा नाही, ते बंद होतं. म्हणजे बॉक्स अष्टमीलेच बाहेर गेला. तेव्हा ऑफिसात मालक सोडून तिघंच होते. रितिकाचा चाकू अजून प्लॅस्टिकमध्ये, अन् ती आधीच निघाली. ओमप्रकाशकडं पूजा दिवाळीले, नवमीले घरी कोणीच नव्हतं. उरला कुलूप लावणारा. मोहित, तुझा जुडगा दाखव.”

मोहित हसला. जुडगा पुढं केला. ‘मोहित’, लाल अक्षरं. हवालदारानं वाकून पाहिलं. दुर्गेशनं कपाळाले हात लावला. रंगवून देते म्हणे!

“माझ्या आईनं माझ्या चाकूले कुंकू लावलं,” मोहित म्हणाला. “तो बी गुन्हा आहे का?”

“नाही. पण सकाळी माझ्या भाच्याच्या गाडीवर चाकू ठेवला, तो आहे. त्यावर नाव दुर्गेश. गाडी माझ्या नावावर. सगळीकडं मी याले गुड्डू म्हटलं, तुझ्या ऑफिसात बी. दुर्गेश हे नाव यानं एकाच घरी सांगतलं, तुझ्या. अन् आत्ता तू याच्या कानात काय म्हटलं?”

“द- दुर्गेशभाऊ म्हटलं,” दुर्गेश खुर्चीतून बोलला.

“तुझ्या मामानं सणानंतर पोते उघडाचं ठरवलं होतं. जाळीची चावी तुझ्याजवळ. माल तं तू सकाळीच हलवला, पण मामाचा संशय कसा हलवशीन? मामा बी जाईन अन् वास घेणारा धम्मानंद बी जाईन, असं तू अष्टमीलेच ठरवलं. म्हणून त्याचा चाकू उचलला. फक्त बॅगेत लपवलेला चाकू आईच्या हाती लागन, हे नाही सुचलं तुले.”

“गोष्टी चांगल्या सांगता मावशी. पुरावा?”

“तुझ्या घरच्या पाटावर एकसारख्या दोन चाकूंचे छाप होते. यानं पाहिले.”

“पाट?” मोहितचा आवाज एकदम गोड झाला. “तो तं काल संध्याकाळी धुतला. आई, धुतला ना आपण? मॅडम, या घाबरट पोट्ट्यानं काय पाहिलं, त्यावर कोर्ट चालते का?”

सोनिका मॅडमनं यमुताईकडं पाहिलं. तिच्या तोंडावर साफ दिसत होतं, पाट धुतला असन तं हातात फार काही नाही. सरिता भिंतीले टेकली. तिचं लेकरू रडाले लागलं.

यमुताईनं मोहितकडं पाठ फिरवली. ती रंभाबाईसमोर जाऊन उभी राहिली.

“बाई, तुम्हाले जबरदस्ती नाही. फक्त एकच विचारते. नवमीले पाटावर नवे चाकू किती होते?”

 काचेच्या आत भाऊ. समोर पोरगा. बाजूले ती सरिता, लेकराले थोपटत पाहून राहिली. मोहित म्हणाला, “आई. सांग ना, एक.” अगदी हळू, लहानपणी काही मागत असन तसा.

रंभाबाईनं डबा खाली ठेवला. पदरानं हात पुसले.

“दोन होते.”

“आई!”

“तुझी बॅग झटकत होती मी. दोन भेटले. एकावर तुझं नाव, दुसऱ्यावर धम्मानंद. म्हटलं, मित्राचा असन.” ती त्याच्याकडं पाहत नव्हती, काचेकडं पाहत होती. “दोन्हीले कुंकू लावलं. म्हटलं, कोणाचं का असेना, हत्यार आहे. पुजून ठेवा, कोणाले लागू नये.”

मोहित जिन्याकडं पळाला. पण मधात दुर्गेशची खुर्ची होती. त्यानं ती सरकवली नाही वं, भेवानं तो ताडकन उठला अन् ती आडवी पडली. मोहित तिच्यात अडकला अन् हवालदारानं धरला. दुर्गेश आजही म्हणते, मी मुद्दाम टाकली.

मनोहरराव तीन-चार दिवसांनी बोलले. जाळीसमोर मागून कोणाचा हात आला, ते सगळं सांगतलं. त्याच्या आधीच धम्मानंद सुटला होता. घरी आला तं सरितानं म्हणे दाराची कडी लावलीच नाही त्या दिवशी, म्हणाली, आता उघडंच राहू दे.

अन् रंभाबाई? नातेवाईक तिच्याशी बोलत नाही. म्हणते, पोटच्या पोराले कोणी असं पोलिसात देते का? ती सकाळी उठते, दोन डबे भरते. एक भावाले पाठवते. दुसरा घेऊन जेलच्या गेटवर जाते. मोहित डबा परत पाठवते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

आता तू खरं सांग. तू तिच्या जागी उभी असती, पोरगा असा पाहून राहिला असता, तं तू काय म्हटलं असतं? एक, का दोन?